‘द वॉकिंग डेड’चा पहिला सीझन : निवड तुमची, पण कुठपर्यंत?

गेम सुरू होताच पडद्यावर एक सूचना येते. या मालिकेतली कथा तुमच्या निवडींनुसार बदलेल, तुम्ही जसं खेळाल तशी ती बेतली जाईल, असं ती सांगते. पुढचे दहा-बारा तास तुम्ही याच भरवशावर खेळता, म्हणून हे परीक्षण त्या सूचनेचं आहे. चित्रशैली, आवाज आणि झोंबी यांच्याबद्दल इतक्या वर्षांत भरपूर लिहून झालं आहे. त्या सूचनेचा हिशोब मात्र कुणी धड मांडलेला दिसत नाही.

खाली कथेचे सगळे टप्पे उघड केले आहेत. ज्यांना अजून खेळायचं आहे त्यांनी थेट शेवटच्या दोन परिच्छेदांवर जावं.

कॅलिफोर्नियातल्या टेलटेल गेम्स कंपनीने हा गेम एप्रिल ते नोव्हेंबर २०१२ मध्ये पाच भागांत आणला. नायक ली एव्हरेट हा इतिहासाचा प्राध्यापक. खुनाच्या शिक्षेवर त्याला पोलिसांच्या गाडीतून तुरुंगाकडे नेत असताना जग कोसळतं आणि आठ वर्षांच्या क्लेमेंटाइनची जबाबदारी त्याच्यावर येऊन पडते. नेमबाजी थोडी, कोडी त्याहून थोडी. खरा खेळ बोलण्यात आहे. कुणी काही विचारलं की चार उत्तरं समोर येतात आणि खाली वेळेची पट्टी आक्रसू लागते. चौथं उत्तर बहुतेक वेळा नुसते तीन टिंब असतात, म्हणजे गप्प राहणं. पट्टी संपली तरी गेम थांबत नाही, तुम्ही गप्प राहिलात असं धरून पुढे जातो. मग वर कोपऱ्यात बारीक ओळ उमटते, की क्लेमेंटाइन हे लक्षात ठेवील. ही ओळ या गेमची ओळख झाली आणि सगळा घोळही तिथेच आहे, कारण लक्षात ठेवणं आणि त्यावरून काही बदलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कथेला खरे फाटे फोडणं इतकं अवघड का, हे आधी आकड्यांत पाहू. समजा कथेत दहा निवडी आहेत, प्रत्येकीला दोन पर्याय आणि प्रत्येक प्रसंग पाच मिनिटांचा. एकही फाटा पुन्हा जोडला नाही तर पहिला प्रसंग १, मग २, मग ४ असं करत शेवटी १,०२४ प्रसंग होतात. एकूण २,०४७ प्रसंग लिहायचे, अभिनेत्यांकडून बोलून घ्यायचे आणि ॲनिमेट करायचे. ते होतात सुमारे १७० तास. त्यातले खेळणाऱ्याला दिसणार फक्त अकरा प्रसंग, म्हणजे ५५ मिनिटं. इतका पैसा कुठल्याच कंपनीकडे नसतो.

त्यामुळे सगळेच एक युक्ती वापरतात. निवडीनंतर दोन वेगळे प्रसंग दाखवायचे आणि लगेच दोन्ही वाटा एका सामाईक प्रसंगात आणून सोडायच्या. या हिशोबाने तेवढ्याच दहा निवडींना ३१ प्रसंग पुरतात आणि खेळणारा त्यातले २१ पाहतो. २,०४७ कुठे आणि ३१ कुठे! ज्याला स्वतः करून पाहायचं आहे त्याने ट्वाइन हे मोफत साधन ब्राउझरमध्ये उघडावं. दुहेरी चौकटी कंसात मजकूर लिहिला की तो पुढच्या पानाचा दुवा होतो, आणि मराठीत लिहिलेलंही नीट चालतं. न जोडता चार निवडी लिहायला घ्या. तिसऱ्या निवडीनंतर आठ पानं एकदम तोंड वासून उभी राहतात आणि हात आपोआप जोडवाटा शोधू लागतो.

जोडवाट आली की फरक टिकवायचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे खूणगाठ. प्रोग्रामर तिला फ्लॅग म्हणतात. तुम्ही अमुक केलं की गेम एक गाठ मारून ठेवतो आणि पुढे एखाद्या प्रसंगात ती तपासतो. कुठल्याही कथाप्रधान गेमची पारख करताना गाठी किती मारल्या हे मोजण्यात अर्थ नाही. किती सोडवल्या आणि सोडवताना काय हललं, ते पाहायचं.

अनंत चतुर्दशीच्या रात्री इंदूरला गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे देखाव्यांच्या गाड्या, निघतात. तुम्ही जेल रोडवर उभे राहा की खजुरी बाजारात, कुठली झांकी पुढे आणि कुठली मागे हे तुमच्या जागेवरून ठरत नाही. तरीही जागेमुळे रात्र बदलते. कुठे दिवे जवळून दिसतात, कुठे आखाड्याची लाठी अंगावर येते, कुठे नुसत्या पाठी दिसतात. ‘द वॉकिंग डेड’मधल्या बऱ्याच निवडी अशाच, उभं कुठे राहायचं एवढंच ठरवणाऱ्या आहेत. हे कमी आहे असं आम्ही म्हणत नाही. पण सूचनेने मिरवणुकीचा रस्ताच तुमच्या हाती दिला होता.

आता भागवार पाहू. पहिल्या भागात शेतावर ट्रॅक्टरखाली अडकलेला शॉन आणि ट्रॅक्टरवर झोंबीच्या हाती सापडलेला छोटा डक, यांतल्या एकाकडे धावायचं असतं. कुणाकडेही धावा, शॉन मरतो आणि डक वाचतो. दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला खाण्याच्या चारच वस्तू हातात मिळतात आणि तोंडं असतात दहाएक. हा प्रसंग खेळताना जीव खरोखर कासावीस होतो. एकाला दिलं की दुसऱ्याच्या डोळ्यांत पाहवत नाही. पुढे मात्र कुणी अन्नावाचून कोसळत नाही. मिळतात ते दोन-चार टोमणे, थोडी माया. तिसऱ्या भागात टोळीतली लिली आपल्यातल्याच एकाचा जीव घेते. तिला रस्त्यावर सोडा किंवा गाडीत घ्या. गाडीत घेतलीत तर थोड्या वेळाने ती गाडीच पळवते. चौथ्या भागात टोळीतल्या बेन या पोराला घंटाघरावर वाचवलं तर पाचव्यात तो मरतोच. पाचव्यात लीचा झोंबीने चावलेला हात कापा किंवा ठेवा, त्याचा शेवट ठरलेला आहे.

ही यादी वाचून गेम फसवा वाटेल. म्हणून एक प्रसंग जवळून पाहायला हवा.

दुसऱ्या भागात डेअरीवाल्यांच्या मांस साठवायच्या खोलीत चौघं मोठे आणि क्लेमेंटाइन कोंडले जातात. बाहेरून कुलूप. लॅरी हा तापट, हृदयविकाराचा म्हातारा दरवाज्यावर धडका देता देता कोसळतो. त्याची मुलगी लिली त्याची छाती दाबू लागते. डकचा बाप केनी म्हणतो, हा मेला की उठून आपल्यालाच खाईल, आत्ताच डोकं फोडायला हवं. कोपऱ्यात गुरांना चाटायला ठेवतात तसला मिठाचा मोठा ठोकळा पडलेला असतो. पर्याय दोनच. लिलीला धरून केनीला मोकळं करायचं, किंवा लिलीबरोबर छाती दाबायची. वेळ थोडका.

तुम्ही छाती दाबायचं ठरवलंत तर बटण ठराविक अंतराने दाबत राहावं लागतं. दोन-तीन वेळा दाबल्यावर लॅरीचे ओठ हलल्यासारखे दिसतात. नेमक्या त्याच क्षणी केनी ठोकळा टाकतो. लिलीला धरलंत तरी केनी ठोकळा टाकतो, फक्त मग ओठ हललेले दिसत नाहीत. म्हणजे घटना तीच, मृत्यू तोच, सेकंदांचा फरक. पण ज्याने ओठ पाहिले त्याच्या हाती एक प्रश्न येतो, लॅरी जिवंत झाला होता का? ज्याने लिलीला धरलं त्याला हा प्रश्नच पडत नाही, त्याला दिसतो तो लिलीचा चेहरा. इथे निवडीने घटना बदलली नाही, पण प्रत्येक खेळणाऱ्याच्या पदरात वेगळं ओझं टाकलं. लेखनाच्या दृष्टीने या गेममधली ही सगळ्यात उत्तम निवड आहे असं आमचं मत आहे. ठोकळ्यानंतरचं केनीचं वागणं आणि लिलीचं वागणं, दोन्ही या गाठीवरून बदलतात आणि ते पुढे तास दोन तास जाणवत राहतं.

याच्या उलट टोळीतल्या डग आणि कार्लीची निवड. पहिल्या भागाच्या शेवटी दुकानात दोघांना झोंबी एकाच वेळी धरतात. डग खिडकीपाशी, कार्ली जमिनीवर, हातात रिकामं पिस्तूल. एकच वाचतो. वाटतं, आता पुढची सगळी कथा वेगळी. पण दुसऱ्या भागात वाचलेल्याला मोजकंच काम आहे, आणि तिसऱ्यात रस्त्याच्या कडेला दोघांचीही कथा एकाच जागी संपते. कार्ली असेल तर लिली तिला गोळी घालते. डग असेल तर लिली बेनवर नेम धरते आणि डग मध्ये येतो. जागा तीच, वेळ तीच, बंदूक तीच. इंदुरी पोह्यांसारखं आहे हे. पोहे तेच, वर शेव कुठली आणि जीरावन मसाला किती तेवढं आपल्या हातात. दोन अभिनेते, दोन संवादसंच, एवढा खर्च करूनही निवड हलकी पडते, कारण त्या माणसाच्या असण्यानसण्याने पुढचा कुठलाच निर्णय अडत नाही. एखादं पात्र निवडीने वाचलं असेल तर त्याला पुढे असं एक काम द्यायला हवं जे दुसऱ्याला जमणार नाही. डगला यंत्रं कळतात, कार्लीला नेमबाजी. दोन्ही गुण कथेत होतेच, पण त्यांच्यावर प्रसंग फारसा उभा केलेला नाही.

चौथ्या भागाचा शेवट मात्र रचनेचा चांगला नमुना आहे. क्लेमेंटाइनला कुणीतरी पळवतं, लीला चावा बसलेला, आणि आता त्याच्याबरोबर कोण निघणार? केनी येईल की नाही हे आजवरच्या हिशोबावर ठरतं. शेतावर डकसाठी धावलात का, डेअरीत त्याच्या बाजूने उभे राहिलात का, वादात त्याला साथ दिलीत का, सगळ्या गाठी इथे एकदम सुटतात. काहींच्या वाट्याला पूर्ण जथा येतो, काही एकटेच निघतात. छाती भरून येते किंवा पोटात खड्डा पडतो. मग पाचव्या भागाच्या सुरुवातीला ली टोळीच्या आसऱ्याच्या घराकडे परत येतो आणि सगळे पुन्हा एकत्र होतात. जोडवाट! इतकी सुंदर फेड करून अर्ध्या तासात ती मोडीत काढली, याचं वाईट वाटतं. एकट्या लीचा एक तरी अडसर वेगळा ठेवायला हवा होता.

खरा हिशोब होतो सव्हाना शहरातल्या हॉटेलच्या खोलीत. क्लेमेंटाइनला नेणारा माणूस लीला समोर बसवतो आणि त्याच्या केलेल्या कामांचा पाढा वाचतो. हा तोच माणूस, ज्याच्या गाडीतलं अन्न दुसऱ्या भागाच्या शेवटी तुमच्या टोळीने उचललं होतं. तुम्ही हात लावला नसला तरी बाकीच्यांनी लावलाच, त्यामुळे तो येणार हे ठरलेलं. पण तो काय विचारतो आणि ली काय उत्तर देऊ शकतो हे तुमच्या गाठींवर बदलतं. पाच भागांत एकदाच गेम तुमच्याकडे वळून म्हणतो, हे तू केलंस. कथेचा शेवट न बदलता निवडीला वजन कसं द्यायचं, ते या प्रसंगात दिसतं. असा एक हिशोब प्रत्येक भागाच्या शेवटी ठेवला असता तर ती सुरुवातीची सूचना खोटी ठरली नसती.

शेवटचा प्रसंग रेडिएटरला बेडीने अडकलेला ली आणि समोर क्लेमेंटाइन. तिने गोळी घालावी की निघून जावं, हे तुम्ही सांगायचं. कुठल्याही फाट्याने ली परत येत नाही. तरीही इथे निवड खरी आहे, कारण दहा तास तुम्ही त्या मुलीला काय शिकवलंत त्याची ही परीक्षा असते. डेव्ह फेनॉय आणि मेलिसा हचिसन या दोघांच्या आवाजांनी हा प्रसंग उचलून धरला आहे. केस आखूड ठेव, असं सांगायचा पर्यायही इथे येतो, आणि तिसऱ्या भागात रेल्वेच्या डब्यात तिचे केस कापलेले आठवतात. गाठ एवढीशी, पण सोडवली योग्य वेळी.

कंपनीला स्वतःच्या गाठींची किंमत किती वाटत होती, ते पुढच्या सीझनवरून कळतं. डिसेंबर २०१३ मध्ये दुसरा सीझन आला तेव्हा जुना सेव्ह, म्हणजे साठवून ठेवलेला खेळ, सापडला नाही तर गेम तुमच्या वतीने पहिल्या सीझनच्या निवडी स्वतःच कशाही ठरवून टाकत असे. आणि कथा बिनबोभाट चाले! जी निवड फासे टाकून भरली तरी काही अडत नाही, ती पुढच्या कथेपुरती निकामी झालेलीच असते. मधल्या ‘४०० डेज’ या जोडभागाचं आणखी वाईट झालं. पाच पात्रांच्या पाच कथा, कोण छावणीत जाणार याची निवड, आणि दुसऱ्या सीझनमध्ये बॉनी सोडली तर बाकीच्यांची जेमतेम झलक.

शेजारी ठेवून पाहायचा तर ‘डेट्रॉइट : बिकम ह्यूमन’ ठेवावा. क्वांटिक ड्रीमने तो मे २०१८ मध्ये प्लेस्टेशन ४ वर आणला, मग डिसेंबर २०१९ मध्ये पीसीवर. टेलटेलने जे झाकलं ते इथे उघडं मांडलं आहे. प्रत्येक प्रकरण संपलं की त्याचा फ्लोचार्ट समोर येतो. तुम्ही गेलात ती वाट उजळलेली, न गेलेल्या वाटा कुलूपबंद चौकटींत, आणि जगभरच्या किती टक्के खेळाडूंनी काय निवडलं तेही.

पहिलंच प्रकरण पाहा. यंत्रमानव डॅनियलने एका मुलीला ओलीस धरलंय आणि पोलिसांच्या मदतीचा यंत्रमानव कॉनर त्याच्याशी वाटाघाटी करायला येतो. दारातच फुटलेल्या टाकीतला मासा फरशीवर तडफडतो आहे, उचलायचा की नाही. आत वडिलांच्या टॅब्लेटवरून कळतं की डॅनियलच्या जागी नवा यंत्रमानव मागवला होता. टेबलाखाली पिस्तूल पडलेलं असतं. जितकं शोधाल तितका यशाचा टक्का वाढतो आणि गच्चीवर बोलायला नवे पर्याय उघडतात. गच्चीवर जखमी पोलिसाला पट्टी बांधलीत तर बऱ्याच प्रकरणांनंतर तो पोलीस भेटून आभार मानतो. इथे निवडीच्या आधीची मेहनत निवडीत उतरते. हे टेलटेलकडे नाही. तिथे चारही पर्याय बहुतेक वेळा सगळ्यांना सारखेच मिळतात.

‘डेट्रॉइट’मध्ये माणसं खरोखर कथेतून जातात. वादळी रात्रीच्या प्रकरणात घरकाम करणारी यंत्रमानव कारा आज्ञा मोडून उठलीच नाही तर तिची कथा तिथेच संपू शकते, आणि तिची पुढची सगळी प्रकरणं गळून पडतात. यंत्रमानवांच्या बंडाचा पुढारी मार्कस गेला तर त्याची साथीदार नॉर्थ पुढारी होते. कॉनरसाठी वेगळी सोय आहे. तो मेला की कंपनी दुसरा कॉनर पाठवते, आणि कोटावरच्या अनुक्रमांकाची शेपटी ५१ वरून ५२ होते. त्याचा जोडीदार पोलीस हँक मात्र ते विसरत नाही. मृत्यू झाला, कथा अडली नाही आणि तरी किंमत मोजावी लागली, तीन्ही साधलं. आमच्या मते जोडवाटेची ही सगळ्यात हुशार क्लृप्ती आहे.

मग ‘डेट्रॉइट’च सरस का म्हणत नाही? कारण तो फ्लोचार्ट. तिसऱ्या-चौथ्या प्रकरणापर्यंत खेळणाऱ्याचं लक्ष कारावरून उडून कुलूपबंद चौकटींवर जातं. मन चौकटी गोळा करू लागतं. शिवाय तक्त्यात वाटा पुन्हा कुठे जुळतात हेही दिसतं, त्यामुळे भास टिकायची सोयच राहत नाही. आणि लेखन बऱ्याच ठिकाणी ठोकळेबाज आहे, लॅरीच्या खोलीतला तो ओठांचा क्षण इथे कुठे सापडत नाही. फाटे जास्त, ओझं कमी.

ज्यांना काहीही करून खरा मोठा फाटाच हवा आहे त्यांच्यासाठी २०११ चा ‘द विचर २’ आहे. पहिल्या अंकात रोश आणि योर्वेथ यांतल्या कुणाला साथ द्यायची हे ठरलं की अख्खा दुसरा अंक बदलतो. एकाबरोबर गेलात तर केडवेनची लष्करी छावणी, दुसऱ्याबरोबर गेलात तर व्हर्गन गाव. माणसं वेगळी, कामं वेगळी. किंमत अशी की एकदा खेळून थांबलात तर विकत घेतलेल्या गेमचा मोठा तुकडा पाहिलाच नाही. कंपन्यांना नेमकी हीच भीती असते. आणि आश्वासन मोठं, शेवट आखूड असं झालं की काय होतं ते मार्च २०१२ च्या ‘मास इफेक्ट ३’ने दाखवलं. तीन गेमभर मारलेल्या गाठी आणि शेवटी जेमतेम रंगांनी वेगळे वाटणारे तीन शेवट. खेळाडूंचा संताप एवढा उसळला की जूनमध्ये वाढवलेला शेवट फुकट द्यावा लागला. टेलटेलवर तसा रोष आला नाही, कारण तिने शेवट बदलण्याचा आव शेवटच्या तासात आणलाच नाही. तिथे तिने सगळं लक्ष एका मुलीवर ठेवलं.

कुठल्याही गेमची निवड तपासायची पद्धत सोपी आहे, पण क्रम पाळावा लागतो. पहिली फेरी मागे न जाता पूर्ण करा, चुकलं तरी रीलोड नको. आधीच रीलोड करून पाहिलं तर जोडवाटा दिसतात आणि त्या फेरीतला सगळा ताण जातो. दुसऱ्या फेरीसाठी वेगळा स्लॉट घ्या, पहिला पुसू नका, आणि प्रत्येक मोठ्या ठिकाणी उलटा पर्याय निवडा. वहीत तीन रकाने आखा. लगेच काय बदललं, पुढच्या भागात काय बदललं, शेवटी काय बदललं. पहिला रकाना सगळ्याच गेममध्ये भरतो, त्याला गुण देऊ नका. दुसरा रकाना लेखकाचा कस दाखवतो. तिसरा रिकामा असला तरी दुसरा भरलेला असेल तर गेम विकत घेण्यासारखा आहे. ‘द वॉकिंग डेड’चा दुसरा रकाना दुसऱ्या आणि चौथ्या भागात चांगला भरतो, तिसऱ्यात अर्धवट, आणि डग-कार्लीच्या ओळीपुढे जवळजवळ कोराच राहतो. एक सावधगिरी बाळगा. ‘लक्षात ठेवील’ ही सूचना आली म्हणून गाठ मारली असं लिहू नका. कित्येकदा ती सूचना येते आणि पुढे काहीच तपासलं जात नाही, तर लॅरीसारख्या ठिकाणचा परिणाम सूचनेपेक्षा कितीतरी खोल असतो.

घ्यायचा कुठला? एकच घ्यायचा तर ‘द वॉकिंग डेड’. टेलटेल २०१८ मध्ये कोसळल्यानंतर स्कायबाउंडने २०१९ मध्ये काढलेल्या ‘द टेलटेल डेफिनिटिव्ह सीरीज’मध्ये चारही सीझन, ‘४०० डेज’ आणि ‘मिशोन’ एकत्र मिळतात. फक्त पहिला सीझन सुटा मिळत असेल तर तोही पुरेसा आहे, आणि तो जुन्या साध्या लॅपटॉपवर चालतो. ‘डेट्रॉइट’ला पीसीवर सुमारे ५५ जीबी जागा आणि बरं ग्राफिक्स कार्ड लागतं, घरातल्या ऑफिसच्या लॅपटॉपवर त्याचा नाद करू नका. दोन्ही गेम प्रौढांसाठी आहेत. पहिल्यात रक्तपात आणि नरमांस, दुसऱ्यात लहान मुलीला होणारी मारहाण. इंदूरच्या रामबाग किंवा लोकमान्य नगरातल्या घरांत अजूनही दिवाणखान्यातला एकच टीव्ही आजी-आजोबांसकट सगळ्यांचा असतो, तेव्हा हे खेळायचं ते रात्री, मुलं झोपल्यावर.

खेळण्यापूर्वी तीन गोष्टी करा. सेटिंगमध्ये जाऊन सबटायटल चालू करा, कारण दोन्ही गेममध्ये मराठी किंवा हिंदी नाही आणि ली जे बोलणार त्याचा पडद्यावर फक्त त्रोटक गोषवारा दिसतो. इंग्रजी सावकाश वाचणाऱ्यांची वेळेची पट्टी हमखास संपते, म्हणून समोरच्याचं वाक्य संपायची वाट न पाहता पर्याय येताच वाचायला घ्या. निवडींच्या सूचना बंद करा. वरच्या कोपऱ्यातली ती ओळ दिसली नाही की माणूस क्लेमेंटाइनच्या चेहऱ्याकडे पाहून बोलायला लागतो. आणि गेमिंग कॅफेत तासावर खेळणार असाल तर एक भाग साधारण दोन ते अडीच तासांचा धरा, सेव्ह तुमच्याच खात्यावर होतोय याची खात्री करून मगच बसा. तिथल्या सामाईक खात्यावर पुढच्या गिऱ्हाइकाने नवा खेळ सुरू केला आणि तुमचा स्लॉट गेला, तर चौथ्या भागात केनी येणार की नाही हे तुमच्या नव्हे, त्याच्या वागण्यावरून ठरेल.